दुसरी नजर

तिच्या प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपचा दिवा गेला, म्हणून ती शेजारच्या इस्पितळाच्या तळमजल्यावर आली. तिथल्या पॅथॉलॉजी विभागात दोघांना एकाच वेळी बघता येईल असा मायक्रोस्कोप होता, आणि त्याच्या एका बाजूला एक तरुण डॉक्टर आधीच बसलेला होता. पाच मिनिटं मिळतील का, असं तिनं विचारलं. त्यानं मान वर न करता स्वतःची स्लाइड काढून घेतली, तिनं तिची ठेवली... आणि तो उठायचं विसरला.

"उंदराचं आतडं," तो म्हणाला. "पण हा मधला भाग रंगलाच नाही."

"रंगणार नाहीच. तिथलं प्रथिन आम्ही काढून टाकलंय."

पाच मिनिटांचा तास झाला. तिनं सांगितलं, की गर्भातल्या पेशींना आपण काय व्हायचं ते ठाऊक नसतं. हे प्रथिन जनुकांवर जाऊन बसतं, काही चालू करतं, काही बंद, आणि मग त्या पेशींचं आतडं होतं. पुढे जन्मभर ते पहारा देत राहतं. तो पहारा उठला की कॅन्सर होतो, असं तिचं म्हणणं, आणि ते सिद्ध करण्यात तिची साडेतीन वर्षं गेली होती. तिचा दादा म्हणायचा, लोकांच्या बहिणी कुणाचं तरी मन जिंकतात, आमची उंदरांची आतडी मोजत बसलीय. डॉक्टर यावर हसला नाही. त्यानं पुढची स्लाइड मागितली. तिला ते जरा जास्तच आवडलं.

तिला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमना असाच माणूस हवा होता. त्यांच्याकडची पद्धत अशी, की स्लाइडवर नुसता आकडा. उंदीर कोणता, गट कोणता, काही कळू द्यायचं नाही. एकदा संशोधकानं स्वतः तपासायचं, एकदा बाहेरच्या कुणीतरी. या बाहेरच्याला सगळे 'दुसरी नजर' म्हणत. दोघांनी आपापलं निदान लिफाफ्यात घालून द्यायचं आणि तोवर त्याविषयी चकार शब्द काढायचा नाही. डॉक्टरकडे अठ्ठेचाळीस स्लाइड्स गेल्या.

तीन आठवडे दोघं रोज दुपारी चहाला भेटत होते. स्लाइड्स सोडून जगातल्या सगळ्या गोष्टी बोलून झाल्या. त्याला शिंक एकटी कधी येत नाही, लागोपाठ चार येतात. तिला शिट्टी वाजवता येते, पण आईसमोर नाही. बोलता बोलता तो तिच्या कपाचा कान अलगद तिच्या बाजूला वळवून ठेवायचा. एकदा मात्र तिला राहवलं नाही.

"एवढंच सांगा ना... वाईट बातमी आहे का?"

"चहा थंड होतोय," तो म्हणाला.

ती दोन दिवस फुगून बसली.

मग लिफाफे उघडले. बेचाळीस स्लाइड्सवर दोघांचं एकमत होतं. उरलेल्या सहांवर तिनं लिहिलं होतं 'कॅन्सरची सुरुवात', आणि त्यानं लिहिलं होतं 'जठर'. तिचा सगळा निष्कर्ष त्या सहांवरच उभा होता. तिनं पुन्हा पाहिलं, दुसरा रंग देऊन पाहिलं, पण त्याचंच खरं निघालं. पहारा उठल्यावर त्या पेशी माजल्या नव्हत्या. आपण आतडं आहोत हे विसरून जठरासारख्या झाल्या होत्या. त्यातून पुढे कॅन्सर होतो का, कधी होतो, हे आता नव्यानं शोधावं लागणार होतं. मॅडम म्हणाल्या, लेख इतक्यात पाठवू नकोस, हे जास्त मोलाचं आहे, आणखी एक वर्ष घाल. आणि दुसरी नजर हीच ठेव, अशी सहसा मिळत नाही.

तिला रडू आलं, त्याचा रागही आला. राग उतरायला चार दिवस लागले. मग तिनं नव्या स्लाइड्सची पेटी आणि सोबत त्यानं सही करायचा नेहमीचा कागद त्याच्याकडे पाठवला. पेटी न उघडताच परत आली. कागदावर सही नव्हती.

आता मात्र तो कागद घेऊन ती तडक इस्पितळात गेली.

"मी चिडले म्हणून काम नाकारता? तुमच्याशिवाय हे धड होणार नाही, तुम्हालाही माहितीय."

"माहितीय. तो कागद वाचलात कधी?"

कागद दर वेळी तीच छापायची, पण वाचला कधीच नव्हता. संशोधकाशी माझा कोणताही संबंध नाही, असं त्यात होतं, आणि खाली दुसऱ्या नजरेची सही.

"मागच्या वेळी सही केली तेव्हा ते खरं होतं," तो म्हणाला. "पण त्या सहा स्लाइड्सपाशी मी दोन दिवस अडून बसलो. डोळ्यांना जठर दिसत होतं, आणि मनात येत होतं, कॅन्सर असू दे... तुमच्यासाठी. असल्या डोळ्यांचा तुम्हाला काय उपयोग?"

ती हळूच म्हणाली, "म्हणजे संबंध आहे, असं लिहायचं?"

"माझ्या बाजूनं आहे. तुमचं मला कसं ठाऊक असणार?" त्याचे कान लाल झाले होते.

तिनं खुर्ची ओढून घेतली. समोर वर्षभराचं काम होतं आणि सबंध शहरात याच्याइतकं नेमकं बघणारं कुणी नव्हतं. 'माझ्या बाजूनं काही नाही' एवढं आपण म्हटलं, की संबंध उरणार नाही आणि हा मुकाट्यानं सही करून देईल, हे तिला कळत होतं. तो तिला हवा होता, हेही आता कळत होतं. तिनं त्या कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली.

"तुमच्या ओळखीत दुसरा कुणी चांगला पॅथॉलॉजिस्ट आहे?" तिनं विचारलं. "वयस्कर असला तर बरं."