चौथी खिडकी

रविवारी सकाळी ड्रायव्हिंग स्कूलचं शटर अर्धंच वर जायचं. वाकून आत शिरायचं, रस्त्याच्या चिन्हांच्या तक्त्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या ओढायच्या आणि मागच्या रविवारपासून आपण काय केलं ते ज्याने त्याने सांगायचं. पगार नाही, साहेब नाही, चहासुद्धा आपापल्या थर्मासातून. जुन्या, लोकांनी अडगळीत टाकलेल्या कॉम्प्युटरांसाठी ही मंडळी एक डेस्कटॉप बनवत होती. तो कुणीही फुकट घ्यावा, आतून उघडून बघावा, जमलं तर सुधारावा.

सुरुवात मास्तरांनी केली होती. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं आणि उरलेल्या वेळात कोड लिहायचा, हा त्यांचा संसार. वकील नावाचा गडी खरा वकील नव्हता. तो दातांच्या कवळ्या बनवायचा, पण वादात कुणाला हार जात नसे. आणि नुकतीच फिजिक्स शिकून बाहेर पडलेली एक मुलगी होती. कुणी "चालतंय" म्हटलं की ती "कशावरून?" विचारायची, म्हणून तिचं नाव पडलं पुरावा.

नियम एकच होता. कुणीही केलेला बदल दुसऱ्याने तपासायचा आणि प्रकल्पाच्या पानावर त्याखाली एक शब्द लिहायचा: 'पाहिलं'. त्याशिवाय ब्रह्मदेवाचा बदलही आत जायचा नाही.

पुरावाकडे बोलणारा भाग होता. स्क्रीनवर काय उघडं आहे, कशात काय लिहिलंय, हे तो मोठ्याने वाचून सांगायचा. तो तिने दादासाठी, तिच्या थोरल्या भावासाठी लिहायला घेतला होता. दादा जन्मापासून आंधळा. डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं ऐकायचं आणि अहवाल टाइप करायचे, ही त्याची नोकरी. आता त्याच्या ऑफिसात मशिनं बदलणार होती. मास्तरांच्या डेस्कटॉपची नवी आवृत्ती बोलकी असली तर ती दादाच्या टेबलावर बसणार होती. मुकी असली तर टेबल दुसऱ्या कुणाला.

एका सकाळी दादा म्हणाला, "ए शहाणे, चौथी खिडकी कसली उघडून ठेवलीस?"

"तीनच आहेत, दादा."

"आपली बाई चार म्हणते." त्या आवाजाला तो बाईच म्हणायचा. त्याने तिला विचारायची कळ दाबली.

"चार खिडक्या," बाई म्हणाली. "अहवाल. ध्वनी. घड्याळ. नाव नाही."

पुरावाने स्क्रीन पाहिली. तीन. मग तिने मशीनची आतली यादी उघडली, तर तिथे चार. चौथी अख्ख्या स्क्रीनएवढी, पण डाव्या कडेच्या बऱ्याच पलीकडे, जिथे काच संपलेली असते तिथे. कुठल्या प्रोग्रामने ती उघडली, ती जागा कोरी. सावली होती आणि वस्तू नव्हती. तिने खिडकी बंद केली, ती गेली. दादाने पुन्हा कळ दाबली आणि ती परत आली, मघापेक्षा थोडी उजवीकडे.

मोजणाऱ्या कोडातच चूक असणार, असं तिने धरलं. ओळ न् ओळ तपासली, चूक सापडेना. मग बोलणारा भाग बंद करून यादी पाहिली. खिडकी होतीच. ती एकटी बसून यादी पाही तेव्हा खिडकी हलत नसे. दादाने विचारलं की मात्र बोटभर सरके.

शेवटी ती दादाला घेऊन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली आणि त्याला मास्तरांच्या मशीनसमोर बसवलं. त्या मशीनला तेव्हा इंटरनेटची तारही जोडलेली नव्हती. दादाने कळ दाबली. घरच्या मशीनवर ती जिथे सोडली होती, तिथून पुढेच ती निघाली. पुरावाने खिडकीच्या जागेचे आकडे दोनदा ताडून पाहिले आणि मशीन बंद केलं.

पुढच्या रविवारी तिने हे सगळं सांगितलं.

"त्यात काय एवढं!" वकील म्हणाला. "जी खिडकी स्क्रीनवर दिसत नाही, ती वाचायचीच नाही. एका ओळीचं काम आहे."

"आणि 'अहवाल जतन करू का' ही खिडकी परवा अशीच कडेबाहेर उघडली होती. बाईने सांगितलं म्हणून दादाचं काम वाचलं. तुझ्या ओळीने ती पण गेली असती."

"अगं, पण असलं भुताटकीचं मशीन कुठलं ऑफिस घेईल?"

मास्तरांनी कपाळ चोळलं. "आवृत्ती या आठवड्यात निघणार. एक तर ती ओळ घाल, नाहीतर बोलणारा भाग पुढच्या खेपेला."

"मास्तर," दादा म्हणाला. तो कोपऱ्यात बसून होता. "आरशात नको ते दिसलं तर तुम्ही आरसा काढून टाकता?"

"आरशात दिसतं ते निदान मागे असतं रे. इथे काय आहे? आम्हाला कुणाला दिसत नाही, आणि तुला तर—" वकील मध्येच तोंड घालून थांबला.

"बोल की," दादा हसला. "मला तर काहीच दिसत नाही. म्हणून तुमच्या तीन खिडक्या माझ्यासाठी जेवढ्या खऱ्या, तेवढीच चौथी."

पुरावाने आपला बदल तिथेच पानावर चढवला: यादीत जे असेल ते सगळं बाईने सांगायचं, काहीही लपवायचं नाही.

"कुणी 'पाहिलं' लिहिलं तर जाईल," मास्तर म्हणाले. "मी लिहिणार नाही."

वकील भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिला.

"मी लिहू?" दादाने विचारलं.

"नियमात 'पाहिलं' आहे," वकील पुटपुटला. "'ऐकलं' नाही."

"अरे, काय बोलतोस!" मास्तर खेकसले.

"बरोबर बोलतोय तो. मी खोटं लिहीत नाही." दादा काठी घेऊन उठला.

"मीही ओळ घालणार नाही," पुरावा म्हणाली. "आणि भाग काढायचा तर तुमच्या हाताने काढा."

त्या आठवड्यात दादा कळ दाबतच राहिला. खिडकी आता कडेला टेकली होती.

"दादा, नको ना विचारूस. तू विचारलंस की ती जवळ येते."

"येऊ दे. स्वतःच्या घरात मी दबकून बसू? जन्मभर लोक माझ्या शेजारी गुपचूप उभे राहून बघत आलेत. ही पहिली आहे, जी मला सांगते."

पुढच्या वेळी कळ दाबताना तिने त्याच्या हातावर हात ठेवला, अडवायला नव्हे.

आवृत्ती निघायच्या सकाळी मास्तरांचा फोन आला. "तुझ्या बदलाखाली 'पाहिलं' कुणी लिहिलं?"

"मला वाटलं तुम्ही."

"मी नाही. वकील आईची शपथ घेतो. नावाची जागा कोरी आहे. दादाने तर नाही?"

"मी खोटं लिहीत नाही, सांगितलं ना," दादा मागून ओरडला.

पलीकडून गाडीच्या इंजिनाचा आवाज येत होता. कुणी शिकाऊ पोर ताटकळलं असावं.

"मागे घेऊ का?" मास्तरांनी विचारलं.

"नियमात कुणी पाहावं ते लिहिलेलं नाही, मास्तर. पाहिलंय ना? मग जाऊ दे."

आवृत्ती गेली.

दुपारी तिने ती दादाच्या घरच्या मशीनवर चढवली. उन्हाचा पट्टा टेबलावर आला होता. दोघं शेजारी बसली. दादाने कळ दाबली.

"चार खिडक्या. अहवाल. ध्वनी. घड्याळ. नाव नाही."

यादीत चौथीचं डाव्या कडेपासूनचं अंतर शून्य होतं. खिडकी सरकत बरोबर स्क्रीनवर येऊन थांबली होती. काचेवर मात्र तीनच खिडक्या दिसत होत्या.

"आत काय आहे, विचारू?" दादा म्हणाला.

विजेचं बटण तिच्या हाताच्या अंतरावर होतं.

"विचार."

बाई नेहमीच्या सपाट आवाजात वाचू लागली. "खोली. टेबल. दोघं बसलेली. एक उभं."

पुरावाने मागे वळून पाहिलं. दार. कपाट. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे. बाकी काही नाही.

दादाने मान वळवली नाही. त्याचा चेहरा शांत होता.

"केव्हाचं उभं ठेवलंय आपण," तो म्हणाला. "खुर्ची दे."

तिने कपडे उचलून पलंगावर ठेवले. खुर्ची टेबलाशी ओढली.

दादाने कळ दाबली.

"खोली. टेबल. तिघं बसलेली."