हलका चढ

“पाणी मिळेल का थोडं? बसायला जागा... आणि जमलंच तर दुसरे पाय?”

सायकलच्या दुकानात असली मागणी आजवर कुणी केली नव्हती. चाकाचे स्पोक आवळता आवळता तिने मान वर केली. दारात एक उंच तरुण उभा होता. केसांतून पाणी निथळत होतं, शर्ट अंगाला चिकटला होता, आणि रेनकोट मात्र त्याने हातातल्या शर्यतीच्या सायकलवर पांघरला होता.

“पाणी आहे, स्टूलही आहे,” ती म्हणाली. “पाय आमच्याकडे सुटे मिळत नाहीत. आणि भिजायचं कुणी, हे ठरवायची ही काय पद्धत?”

“मी वाळतो. ती गंजते.”

तिला हसू आलं. आतल्या बाजूला चाक सरळ करत बसलेल्या बाबांनीही घसा खाकरला. बाबांची नजर अलीकडे अधू झाली होती, कान मात्र शाबूत होते.

दुकान अगदी टेकडीच्या पायथ्याशी होतं. दारासमोरूनच चढ सुरू व्हायचा, आणि तो थेट वरच्या वेधशाळेशी संपायचा. तरुण तिथेच नव्याने नोकरीला लागला होता. रोज सकाळी वर जाऊन पारा, वारा, पाऊस यांची नोंद करायची, हे त्याचं काम. बाबांनी त्याच दिवशी त्याचं नाव ‘हवामान’ ठेवून टाकलं.

“चढायला माझी ना नाही,” हवामान पाण्याचा पेला ठेवत म्हणाला, “पण अर्ध्यात माझ्या नाकी नऊ येतात. मग मी हिला ढकलत नेतो. लोक बघतात.”

तिने सायकल उलटी केली, पायडल फिरवून पाहिलं. “तुमचा दोष नाही. ही गाडी सपाटीवर पळायला केलेली आहे. पुढच्या चकत्या मोठ्या, मागच्या एवढ्याशा. चढावर जोर सगळा तुमच्या गुडघ्यांवर. मागे मोठ्या चकत्या घालू, पुढची आतली लहान करू. पाय जास्त फिरतील, पण हलके फिरतील.”

“आणि वेग?”

“तो कमी होईल.”

“मला कुठे घाई आहे?” तो म्हणाला... आणि खिडकीबाहेर बघायचं सोडून तिच्याकडे बघत राहिला. तिच्या हातातलं पायडल उगाचच आणखी दोन फेरे फिरलं.

चकत्या दुकानात होत्या. अडलं होतं ते एकाच वस्तूवर. एवढ्या मोठ्या चकतीवर चेन चढवायची तर मागे लांब दांडीचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग लागतो. जुन्याच डिरेलरवर भागवायला गेलं तर चेन ताणून अडकते. तो बाहेरून मागवायचा होता.

“येईल आठवड्याभरात,” ती म्हणाली. “तोवर अर्धा चढ ढकलत न्या.”

तो तसंच करू लागला. पण आधी रोज दुकानात थांबू लागला. चढाआधी दम साठवून घेतो, असं त्याचं म्हणणं.

“आला का भाग?”

“नाही. आज पाऊस येणार का, हवामान?”

“वर जाऊन बघतो. तुमच्याकडे आभाळ आहे आज.”

“माझ्याकडे?”

“भुवया आल्यात जवळ. दुपारपर्यंत निवळेल.”

असलं काहीबाही बोलणं व्हायचं, चहा व्हायचा, आणि मग तो वळणावर उतरून सायकल ढकलत धुक्यात दिसेनासा व्हायचा. ती वळणापर्यंत बघत राहायची. हातातला स्पोक कधी कधी नको तितका आवळला जायचा, नि मग बाबांना ते चाक पुन्हा बोटांनी चाचपून सरळ करावं लागायचं.

एके दिवशी डिरेलर आला. तिने खोकं फोडलं, भाग फडक्यात गुंडाळला आणि गल्ल्याखालच्या खणात ठेवून दिला.

त्याला कारण होतं. बाबांनी तिला हातोडी धरायला शिकवली तेव्हापासूनचं त्यांचं एक वाक्य होतं. “गिऱ्हाईक परत आलं नाही, म्हणजे काम चोख झालं.” ती चोख काम करणारी होती. एकदा का त्याची गाडी हलकी झाली, की तो दारासमोरून सरळ वर निघून जाईल. अजून चार दिवस, तिने स्वतःला सांगितलं. चार दिवसांत आपण बोलू. चाराचे किती झाले, ते तिने मोजलं नाही, आणि बोलणंही झालं नाही.

“भाग यायला या वेळी फारच दिवस लागले, नाही?” बाबा एकदा म्हणाले.

“चुकीचा पाठवला त्यांनी.”

“असं,” बाबा म्हणाले. पाणी कुठे मुरतंय ते त्यांना कळलं असावं. पण मोठ्या मुलीला किती विचारायचं, हेही त्यांना कळत होतं.

मग एका संध्याकाळी तो उतरताना थांबला. संध्याकाळी तो कधीच थांबत नसे.

“भाग आला का, ते विचारायला नाही आलो,” तो म्हणाला. “बदली झाली माझी. किनाऱ्यावर. तिथे म्हणे सगळं सपाट आहे.”

बाबा काहीतरी शोधायला म्हणून मागच्या खोलीत गेले.

“अशी अचानक?”

“अचानक कसली... सकाळची नोंद रोज उशिरा. साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा उशीर केलास तर पाठवून देईन. मी पोचायचो धापा टाकत, तोवर नोंद कोरी.”

“सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही काय करणार होतात? भाग येईना, त्यात तुमचा काय दोष.”

आपण आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय, हे तिला लख्ख दिसलं. तिने खण उघडला आणि फडकं त्याच्यासमोर सोडलं.

“कधी आला?” त्याने हळूच विचारलं.

“खूप दिवस झाले.” ती मान खाली घालून बोलत होती. “मला वाटलं... गाडी हलकी झाली की तू थांबणार नाहीस.”

तो बराच वेळ डिरेलर हातात फिरवत राहिला. रागावेल, असं तिला वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

“वर बस जाते, ठाऊक आहे ना?” तो म्हणाला. “सकाळची. तिने गेलो असतो तर साहेबांच्याही आधी पोचलो असतो.”

“मग का नाही गेलास?”

“ती इथे थांबत नाही.”

बाहेर पाऊस लागला होता. ती रडली, आणि रडता रडता म्हणाली, की तिचं त्याच्यावर प्रेम आहे, आणि हे ती पहिल्या रेनकोटापासून सांगणार होती. तो म्हणाला, त्याचंही. पण पुढचं काय, तेही दोघांना दिसत होतं.

“साहेबांना सांगून बघ ना.”

“माझ्या जागी माणूस आला. तू चल ना तिकडे...” त्याने मागच्या खोलीकडे पाहिलं. आत बाबा भिंत चाचपत दिव्याचं बटण शोधत होते. त्याचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

तिने डोळे पुसले आणि सायकल उलटी केली. “उद्या वर जायचंय ना?”

“सकाळी. वेधशाळेच्या किल्ल्या द्यायच्या. मग मला नि माझ्या सामानाला घेऊन ऑफिसची गाडी टेकडीच्या पलीकडून खाली उतरते.”

“धर इथे.”

त्याने चाक धरलं. तिने मोठ्या चकत्या बसवल्या, पुढची बदलली, डिरेलर लावला, चेन लांब केली. ग्रीसने काळी झालेली बोटं एकमेकांना लागत होती, आणि दोघांपैकी कुणीच हात बाजूला घेत नव्हतं. घट्ट बसलेला बोल्टही ती पुन्हा पुन्हा तपासत राहिली.

“उद्या थांबू?” निघताना त्याने विचारलं.

“नको. थांबलास तर मी जाऊ देणार नाही.”

सकाळी ती दुकानाच्या दारात उभी राहिली. तो आला. रेनकोट आज अंगावर होता. दारासमोर त्याने गिअर खाली घेतला, चेन मोठ्या चकतीवर अलगद चढली, कुरकुर नाही की खडखड नाही. त्याने घंटी वाजवली, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि पाय फिरवत राहिला. जिथे तो रोज उतरून ढकलायला लागायचा, ते वळणही त्याने बसूनच ओलांडलं.

“हवामान गेला वाटतं,” आतून बाबा म्हणाले. “थांबला नाही आज?”

“नाही, बाबा.”

बाबांनी हातातलं चाक खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, “काम चोख झालं म्हणायचं.”

“हो,” ती म्हणाली, आणि रिकाम्या चढाकडे बघत तिथेच उभी राहिली.