बाराच्या आतला जवाब

धाड गावच्या रस्त्याला आमच्या फाट्यावर एसटीचा थांबा आहे, आणि थांब्याच्या भिंतीवर काळा फळा. सुविचार लिहायला लावलेला. जानरावला सुविचारांचा भलता राग. म्हातारा शिकलेला चौथी, पण मरणाच्या, भुताखेतांच्या कविता अशा जोडायचा की बायका तिथं एकट्या उभ्या राहत नसत. एका दिवशी त्यानं दोन ओळींचा सवाल लिहायचा आणि दुपारी बाराच्या आत दोस्त प्रेमानंदनं खाली जवाब. दुसऱ्या दिवशी उलटं. जवाब चुकला, तर हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या घरी जाऊन बिनसाखरेचा काळा चहा प्यायचा. तीस वर्षांत दोघांपैकी कोणी हरलं नाही.

मग प्रेमानंद मेला. जानरावचा सवाल फळ्यावर तसाच राहिला:

मसनातल्या बाभळीले लटकले पाय दोन,
वारा नाही, पान नाही, हालवून राह्यलं कोन?

नवव्या दिवशी, ऊन डोक्यावर आलं तेव्हा जानराव ओलं फडकं घेऊन उभा राहिला. बाजूच्या टपरीवर त्याची बायको जनकाबाई भांडी घासत होती.

"पुसा एकडावचं," ती म्हणाली.

"पुसतो. जवाब न देता मेला लेकाचा. जिंकलो मी."

"मंग डोये काऊन पुसून राह्यले?"

"घाम आहे तो, बाई!"

फडकं पिळायला तो नळाकडे वळला. रस्ता सुना. कावळासुद्धा ओरडत नव्हता. आणि पाठीमागे... कर्र... कर्र... फळ्यावर खडू फिरत होता.

तो गर्रकन वळला. कोणी नव्हतं. नुसती खडूची भुकटी उन्हात तरंगत होती. सवालाखाली डावखुऱ्या प्रेमानंदची कलती अक्षरं:

पाय माहे वयखले नाही? डोये तुहे फुटले काय?
चप्पल माही तूच नेली, म्हून हालवतो पाय!

चूल पेटली बंद घरात, उकयून राह्यला चहा,
एक कप माहा आहे, दुसरा कोनाचा, पहा!

जानरावनं पायांकडे पाहिलं. अंगठ्याला लाल दोऱ्याची शिवण. मयतीच्या गर्दीत तो प्रेमानंदची चप्पल घालून आला होता आणि नऊ दिवस तीच फरफटवत होता!

"जनका... इथं कोन आलं होतं?"

"कोनी नाही. मी इथंच तं आहे..."

शेवटच्या दोन ओळी म्हणजे नवा सवाल, आणि बाराला दहा कमी होते. हरलं तर चहा प्यायला जायचं, आणि प्रेमानंदचं घर आता कुठं, हे सांगायला कोणी नको होतं. म्हाताऱ्याला घाम फुटला, अन् मग खदखदून हसू फुटलं.

"मेला, पण हरला नाही बे!" त्यानं खडू उचलला.

दुसरा कप पालथा घाल, आटू दे तुहा चहा,
वीस वर्सं टाइम आहे मले, तवरिक वाट पहा!

चप्पल फळ्याखाली जोडीनं ठेवून तो तापल्या डांबरावर टणाटण उड्या मारत घरी गेला. जनकाबाई पोट धरून हसली.

सकाळी चप्पल नव्हती. फळ्यावर नवं काहीच नव्हतं. जुन्या ओळी जशाच्या तशा. फक्त त्यातलं 'वीस' तेवढं अंगठ्यानं पुसलेलं.

"बेइमान!" जानराव ओरडला. खडू घेऊन तो त्या रिकाम्या जागेपाशी गेला. किती लिहावं, तेच त्याला सुचेना.