दादाला इथेच द्या

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या सख्ख्या मावशीवर हे ओढवलं. भर दुपारी, गावाबाहेरच्या लहानशा दवाखान्यात.

आदल्या वर्षी काका, म्हणजे मावशीचे यजमान, छातीत कळ आली म्हणून तिथेच आले होते. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. तिथले म्हातारे डॉक्टर म्हणाले, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आत्ता देतो, मग शहरात न्या.

थोरले दीर आडवे आले. असल्या दवाखान्यात सुई नको, शहरात फुगा घालून वाहिनी उघडतात, तिकडेच नेऊ. मावशी द्या द्या म्हणत राहिली. तिचं ऐकतंय कोण?

काका वाटेतच गेले.

मावशी त्याच घरात राहिली. याच बिनलग्नाच्या दिराला दोन वेळा रांधून घालत. बोलणं ताट वाढण्यापुरतं.

आणि त्या दुपारी, दीर जेवता जेवता घामाने निथळले...

तोच दवाखाना. तोच बाक.

डॉक्टर मात्र नवीन, तरुण. त्यांनी मावशीला समजावलं. शहरात पोचून फुगा घालेपर्यंत हृदयाचा स्नायू मरत जाईल, इंजेक्शन आत्ताच हवं. क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो, म्हणून घरच्यांचा होकार लागतो.

"देऊ ना, ताई?"

मावशी गप्प.

घाबरून वाचा बसली म्हणावं, तर तसंही नव्हतं. तिला बोलायचंच नव्हतं.

"ताई, वेळ जातोय."

तेवढ्यात पंख्याची खडखड थांबली...

पंखा फिरत होता. आवाज नव्हता.

आतल्या मॉनिटरची टुकटुकही नाही. दिरांचं कण्हणंही नाही.

आणि बाक किंचित दबला... शेजारी कुणी बसावं तसा.

"द्या, डॉक्टर. दादाला इथेच द्या."

उभा संसार ज्या आवाजाबरोबर केला, तोच आवाज.

डॉक्टरांनी तिच्या शेजारी पाहिलं, मान हलवली आणि आत धावले.

मावशीने वळून बघितलं...

कुणी नव्हतं.

दीर वाचले. शहराच्या गाडीत त्यांना चढवताना डॉक्टरांनी सहज विचारलं, पेशंटचे धाकटे भाऊ कुठे गेले?

"त्यांच्या छातीवर ईसीजीचे स्टिकर तसेच राहिलेत. काढून टाकायला सांगा."

आदल्या वर्षी काकांच्या छातीवर इथेच लावलेले ते स्टिकर शेवटपर्यंत तसेच राहिले होते. काढायचं भान कुणालाच नव्हतं.

शहरात फुगा घातला, स्टेंट बसला. घरी आल्यावर दीर म्हणाले, तू हो म्हणालीस म्हणून मी आज आहे. मावशीने भात वाढला.

मला मात्र तिने सगळं सांगितलं.

"भावासाठी आले हे. ज्याने घात केला, त्याच्यासाठी. माझ्याशी एक शब्द नाही."

मग ती स्वतःच्या नखांकडे बघत म्हणाली,

"मी गप्प बसले होते ना... ते बघितलं असेल का रे त्यांनी?"