झिलईतली बोटं

"ती म्हातारी गेली ते बरंच झालं. आपल्या सूनबाईच्या हातचं एक ताट डागाळत नाही," सासूबाई दाराआड मुलाला, मार्सियालला सांगत होत्या. "सूप मात्र समुद्रासारखं खारट करते तुझी बायको."

नोएली लाकडी जोडे हातात घेऊन जिन्यावरूनच मागे फिरली. एरवी सुपाचंच तेवढं तोंडावर ऐकू येई. कौतुक असं चोरून ऐकावं लागे. आज मात्र ते पुरतं ऐकायलाही ती थांबली नाही.

लिमोझच्या चिनी मातीच्या कारखान्यात गडी ताट चार बोटांनी धरून झिलईच्या दुधाळ पाण्यात बुडवी. बोटांखालची जागा कोरडी राही. ती ब्रशनं भरायचं काम बायकांचं. नोएली आणि म्हातारी फिलोमेन एकाच टेबलाशी बसत. लग्नाच्या आदल्या दिवशी, घाईत, नोएलीनं आपली न भरलेल्या ताटांची फळी म्हातारीच्या भरलेल्या फळ्यांत सरकवली. भट्टीतून चोवीस ताटं डागाळून आली. भाजलेली ताटं तपासायच्या निवडणीवर सासूबाई होत्या. त्यांनी फिलोमेनचं नाव सांगितलं. म्हातारीला काढलं. आठवड्यानं ती व्हिएन नदीत सापडली. नोएली गप्पच राहिली. नवं घर, नवी माणसं... विचारलंही कुणी नाही.

दाराआडचं बोलणं ऐकलं त्याच सकाळी भट्टी उघडली. भाजक्या मातीचा कोरडा वास निवडणीच्या खोलीभर पसरला. सासूबाईंनी नोएलीचं पहिलं ताट खिडकीच्या उजेडात धरलं, आणि डोळ्यांजवळ नेलं.

कडेला चार डाग. तीन लांबट, एक अर्धाच. फिलोमेनचं मधलं बोट पेरापासून तुटलेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक. बुडवणाऱ्या गड्यानं न विचारताच आपली दहाही धड बोटं दाखवली. दुसरं ताट तसंच. तिसरंही. नोएलीनं प्रत्येक कोरडी जागा दोनदा भरली होती.

"ओलं आहे..." सासूबाई पुटपुटल्या. लोखंड वितळेल अशा जाळातून आलेल्या ताटावरून त्यांच्या बोटाला दुधासारखी झिलई लागली होती.

त्यांनी बोट झग्याला पुसलं. "थेरडीनं भरलेली जुनी फळी असणार. मेली तरी तिचं काम निस्तरतोय आपण. लिही तिच्याच नावावर."

वहीशी बसलेल्या मार्सियालनं मान डोलावली. नोएलीनं टेबलावरचा हात उचलून पाहिला. उचलेना. मनगटाभोवती गार, ओलसर काहीतरी आवळत होतं... तिथं दिसत काहीच नव्हतं.

"आई, ती चोवीस ताटं माझी होती," नोएली म्हणाली. "फळी मी सरकवली. फिलोमेननं काही केलं नव्हतं... सांगितलं ना मी आता. तिला म्हणावं, हात सोड."