उलटा बाण

लांबूच्या शेजारी बसण्यात तिचा फायदा उघड होता. फिजिक्समध्ये त्याचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं, आणि वायरमनच्या या मुलीला इंजिनिअर व्हायचं होतं. पहिल्या दिवशी उशीर झाला म्हणून शेवटच्या बाकावर जागा मिळाली, एवढंच काय ते नशीब. पुढचे आठ महिने तिने ती जागा धरून ठेवली ती पूर्ण विचार करून. लांबूचाही तोटा नव्हता. कॅल्क्युलस दिसलं की त्याला घाम फुटायचा.

"हे इंटिग्रेशन समजावशील?" त्याने एकदा विचारलं.

"मला काय मिळेल?"

"घर्षण."

"फक्त घर्षण?"

"गुरुत्वाकर्षण... हळूहळू," तो म्हणाला, आणि त्याने लाजून वहीत डोकं खुपसलं.

वर्षअखेरच्या चाचणीतून वरच्या वर्गासाठी तीस जण निवडायचे होते. प्रवेश परीक्षेची तयारी त्यांचीच करून घेत. आणि सरांची रीत अशी, की पेपर शेजाऱ्याने शेजाऱ्याचा तपासायचा.

लांबूच्या शेवटच्या गणितात उत्तरापुढचा स्थिरांक लिहायचा राहिला होता. तिचं लाल पेन थांबलं.

"काप की," तो हळूच म्हणाला.

"एका गुणाने जागा जाते रे..."

"शिकवणारीच सोडायला लागली तर झालं."

तिने कापला. ती तिसावी आली, तो एकतिसावा. संध्याकाळपर्यंत बाबांनी साइटवरच्या साहेबांपासून कोपऱ्यावरच्या शिंप्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.

घरी तिने स्वतःचा पेपर उघडला. ठोकळा उतारावरून वर ओढला जात होता, आणि खाली हवा असलेला घर्षणाचा बाणही तिने वरच दाखवला होता. बाजूला लाल पेनाने 'बरोबर'ची खूण. लांबूच्या नजरेतून घर्षण सुटेल?

सकाळी ती सरांकडे गेली. सरांनी गुण कापला. दोघं सारखे झाले. "फिजिक्समध्ये ज्याला जास्त, त्याची जागा," सर म्हणाले, आणि यादीतली नावं बदलली.

लांबूने तिला जिन्यात गाठलं.

"कशाला सांगितलंस?"

"तू कशाला सोडलंस?"

"तू वर जायला हवी होतीस."

"आणि तू?"

"मला... तू आवडतेस. एका बाणाचं काय एवढं..."

ती कठड्याला टेकली.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "त्या जागेवर बसले असते, तर रोज तुझी नजर चुकवावी लागली असती."

घंटा होईपर्यंत दोघांचे हात एकमेकांत होते. मग तो वर गेला, ती खाली.

लांबूला जागा मिळाली. तिला लांबू मिळाला, मधल्या सुट्टीपुरता का होईना. किंमत मोजली ती बाबांनी. बाण चुकल्याचं तिने त्यांना सांगितलं, लांबूने तो सोडून दिल्याचं नाही. काल ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्या प्रत्येकाला गाठून ते एवढंच म्हणाले, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली."