एकोचं बोलणं

"एक मिनट... पलटिए मत।"

कौमुदीचं बोट पानाच्या कोपऱ्यावर तसंच थबकलं. निशातगंजहून इंदिरा नगरला निघालेला टेम्पो गच्च भरलेला, बाहेर फेब्रुवारीचा बोचरा, भुरभुरता पाऊस – आणि शेजारी बसलेला हा कोण कुठला माणूस खुशाल तिच्या पुस्तकात डोकं खुपसून वाचत होता!

"काय आगाऊ माणूस आहे," ती पुटपुटली. लखनौच्या टेम्पोत मराठीत पुटपुटायची तिला कधीच भीती वाटत नसे.

"आगाऊ समझता हूँ," तो म्हणाला. चष्म्यावर पावसाचे थेंब आणि त्यामागे हसरे डोळे. "घर पे रोज सुनता हूँ। हाँ... अब पलटिए।"

पुस्तक इंग्रजी होतं. युद्धावरून परतणाऱ्या एका ग्रीक राजाची पुराणकथा, पण सांगत होती त्याच्या जहाजावर धुणी धुणारी दासी. टेम्पो इंदिरा नगरला पोचेपर्यंत दोघांनी मिळून अठरा पानं वाचली. पाण्याने भरलेल्या खड्ड्यापाशी उतरताना तिने विचारलं, "तुम्हीही इथेच राहता?"

"मैं? तेलीबाग।"

"अहो, तेलीबाग तर पार दुसऱ्या टोकाला!"

"वही तो..." त्याने मान खाजवली. "स्टैंड पे आपके पीछे खड़ा पढ़ रहा था। आप बैठीं, तो मैं भी बैठ गया। दासी का क्या होता है, देखना था।"

कौमुदीला हसू आवरेना. तिने पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. "पुढच्या गुरुवारी परत करा. याच वेळी, स्टँडवर."

त्याचं नाव पृथ्वीराज मोहिते. वडील सुभेदार हणमंत मोहिते, मूळचे साताऱ्याचे. पलटणीतून निवृत्त झाल्यावर तेलीबागेत घर बांधून राहिलेले. मुलगा निशातगंजच्या एका दवाखान्यात ऑडिओलॉजिस्ट होता, म्हणजे लोकांचे कान तपासायचा, श्रवणयंत्रं बसवायचा. मराठी त्याला शब्दन् शब्द कळायची, पण बोलायचा हिंदीतच. बाराव्या वर्षी साताऱ्यात एका लग्नात तो "माझी मामा आली" म्हणाला होता आणि अख्खा मांडव हसला होता. त्या दिवसापासून मराठीला त्याचं तोंडच उघडत नसे.

गुरुवारामागून गुरुवार गेले. स्टँडशेजारच्या टपरीवर चहा, समोसा आणि दासीची गोष्ट. ती संपल्यावर दुसरी. कौमुदी एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची, वाद घालायची तिला सवयच. पण हा माणूस वाद घालत नसे. ती बोलत असताना तो नुसता ऐकायचा... इतकं मन लावून की वाक्याच्या मध्येच तिची जीभ अडखळायची.

"असं काय बघता?"

"सुन रहा हूँ।"

"डोळ्यांनी?"

"आधा काम उन्हीं का है, मैडम," तो गंभीरपणे म्हणाला आणि तिच्या बशीतला उरलेला समोसा उचलून मोकळा झाला.

अशाच एका गुरुवारी तिने कोणालाच न सांगितलेली गोष्ट त्याला सांगितली. दोन वर्षं ती स्वतः मराठीत एक लघुकादंबरी लिहीत होती. ग्रीक पुराणातल्या एकोची. देवराणी हेराने या बडबड्या वनकन्येला शाप दिलेला – आपणहून तुला काही बोलता येणार नाही, दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे उच्चारशील. पुढे एको नार्सिसस नावाच्या देखण्या तरुणाच्या प्रेमात पडते. पण त्याला सांगणार कसं? बिचारी झुरून झुरून नुसता आवाज होऊन उरते.

"मुझे पढ़ना है," पृथ्वीराज म्हणाला.

"मराठी आहे."

"धीरे-धीरे पढ़ लूँगा। लिपि तो वही है ना?"

आठ दिवसांनी तो कागदांचा गठ्ठा छातीशी धरून आला. चहा आला, निवला, तरी तो कागदांचे कोपरेच जुळवत राहिला.

"बोला ना... वाईट आहे?"

"बहुत अच्छी है।" तो घुटमळला. "लेकिन अंत झूठ है।"

कौमुदीच्या गोष्टीत शेवटी शाप सुटत होता आणि एको नार्सिससपुढे उभी राहून चार पानांचं भाषण करत होती.

"मेरे यहाँ लोग बरसों बाद सुनते हैं, कौमुदी जी। भाषण कोई नहीं देता। एक काका को मशीन लगाई, पता है क्या बोले? 'अरे, पंखा इतनी आवाज करता है?' आपकी एको तो अचानक प्रोफेसर बन गई।"

ते शब्द तिला नेमके लागले – खरे होते म्हणूनच. "मराठीत एक वाक्य बोलायची तुमची छाती नाही," ती फणकारली, "आणि माझं मराठी तपासायला निघालात?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझत गेलं. "सही बात है," एवढंच म्हणून तो उठला.

पुढचे तीन गुरुवार ती स्टँडवर गेलीच नाही.

घरी ती आणि बाबा, दोघंच. हरिहर सबनीस निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ, वर्ध्याहून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. एके संध्याकाळी स्वयंपाक करता करता कौमुदीच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, मी एका चांगल्या माणसाला फार लागेल असं बोलले."

बाबांनी मान डोलावली. "हो, दूध आणलंय मी."

ती पोळी लाटायची थांबली. बाबांना कमी ऐकू येतं, हे काय तिला ठाऊक नव्हतं? टीव्हीचा आवाज वाढत गेला तसं तिचं त्यांच्याशी बोलणं आटत गेलं होतं. 'काही नाही, नंतर सांगते' म्हणत म्हणत किती महिने लोटले होते! तिने पिठाच्याच हाताने मोबाइल उचलून पृथ्वीराजला लिहिलं. *बाबांना तपासायला आणू का?*

उत्तर लगेच आलं. *शनिवारी अकरा. मराठी शब्द लागतील. मी तयार ठेवतो.*

मराठीत. तिने तो मेसेज पाच वेळा वाचला.

शनिवारी बाबा कुरकुरतच काचेच्या बंद केबिनमध्ये बसले, खिडकीकडे पाठ करून, कानांवर जाडजूड हेडफोन. "जो शब्द ऐकू येईल तो मोठ्यांदा म्हणा, काका," पृथ्वीराजने बाहेरून माइकचं बटण दाबलं. कौमुदी त्याच्या शेजारच्या स्टुलावर अंग चोरून बसली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. शब्दांची यादी लिहिलेला कागद त्याने दोनदा सरळ केला.

"ओढा."

"ओढा," स्पीकरमधून बाबांचा आवाज आला.

"सावली."

"सावली."

"पारवा."

"...गारवा."

"डोंगर."

"घागर?"

बाबा किती विश्वासाने चुकत होते! कौमुदी पुढे सरकून ऐकू लागली. आणि मग लक्षात आलं... ओढा, सावली, पारवा, डोंगर. हे सगळे तिच्या एकोच्या रानातले शब्द होते.

उजवा कान झाला. आवाज डाव्या कानाकडे वळवून पृथ्वीराज आकडे टिपून घेऊ लागला. "यंत्राने फरक पडेल," तो मराठीत म्हणाला, शब्द जपून ठेवत. "चांगला फरक. काळजी नको."

"हे शब्द..."

"तुमच्याच गोष्टीतले. प्रत माझ्याकडेच राहिली होती. रोज टेम्पोत मोठ्याने वाचायचो. लोक बघत होते." तो ओशाळं हसला. "एक काकू म्हणाली, बेटा, कौन सा मंतर है?"

"माझं चुकलं," कौमुदी घाईघाईने म्हणाली. "त्या दिवशी मी... आणि ते चार पानांचं भाषण काढून टाकलंय मी. खरंच खोटं होतं ते."

"अब एको क्या बोलती है?"

"सुचत नाहीये."

तो तिच्याकडे वळला. कोपर टेबलावर टेकलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आता हा काहीतरी बोलणार, हे तिला कळलं आणि तिचे कान तापले.

"कौमुदी जी... मला तुम्ही आवडतोस."

शिक्षिकेचा स्वभाव आड आला. "'तुम्ही' म्हटलं तर 'आवडता'," ती कशीबशी म्हणाली. "आणि 'तू' म्हटलं तर... 'आवडतेस'."

"अच्छा? फिर 'आवडतोस' कब बोलते हैं?"

"मुलाला म्हणताना."

"पूरा बोलिए ना। टुकड़े में ग्रामर समझ नहीं आती मुझे।" डोळ्यांत तोच टेम्पोतला खट्याळपणा, पण आवाज अगदी हळू. ऐकायला तो आणखी पुढे झुकला, टेबलावरचं कोपर सरकलं.

कौमुदीने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. दोन वर्षं दुसरीसाठी वाक्यं जुळवत बसलेली ती. आणि स्वतःसाठी हवे होते नुसते तीन शब्द.

"मला..." ती म्हणाली. "मला तू आवडतोस."

"मला तू आवडतोस," स्पीकरमधून बाबांचा खणखणीत आवाज आला.

दोघं दचकून वळली. पृथ्वीराजचं कोपर माइकच्या बटणावर होतं. काचेपलीकडे बाबा दिल्या हुकमाप्रमाणे ताठ बसून पुढच्या शब्दाची वाट पाहत होते. मग त्यांचे खांदे हलले. ते सावकाश मागे वळले, त्यांनी आधी लालबुंद झालेल्या लेकीकडे, मग डॉक्टरकडे पाहिलं.

"डॉक्टर," बाबांनी विचारलं, "डाव्या कानाने हे स्वच्छ ऐकू आलं मला. यादीतच होतं का?"

"नव्हतं, काका," पृथ्वीराज माइकचं बटण दाबून उठून उभा राहिला. "पण... खरं आहे."